टोमॅटोची पारख

खानदेशांत वांगें विकत घेण्याची एक रीत आहे. जळगांव, यावल, भुसावळ या बाजूच्या बाजारांत भरताचें वांगें घेणारी गृहिणी तें नुसतें डोळ्यांनीं पाहून कधींच घेत नाहीं. देंठ हिरवा आहे कीं सुकलेला, सालीवर तुळतुळीत चमक आहे कीं नाहीं, बोटानें दाबलें असतां तें लवून पुन्हां वर येतें कीं नाहीं, आणि आकाराच्या मानानें हातांत हलकें लागतें कीं नाहीं, इतक्या गोष्टी ती पाहते. कारण जड वांगें बियांनीं भरलेलें निघतें व त्याचें भरीत मऊसूत होत नाहीं. जळगांवच्या भरताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामागें पिकविणाऱ्यांच्या कष्टांइतकीच खाणाऱ्यांच्या या चोखंदळपणाचीहि पुण्याई आहे, असें आम्ही समजतों. परंतु तीच गृहिणी, किंवा तिचे यजमान, शेजारच्या ढिगाकडे वळून टोमॅटो घेऊं लागले म्हणजे ही सारी पारख कोठच्या कोठें जाते. लाल आहे, टणक आहे, भाव किती, अर्धा किलो द्या. एवढ्यांत व्यवहार उरकतो. आणि मग घरीं आल्यावर हल्लींच्या टोमॅटोस चव राहिली नाहीं, ही तक्रार सुरू होते.

आमचे बहुतेक वाचक जमीनधारक शेतकरी आहेत. त्यांस टोमॅटो विकत कसा घ्यावा हें सांगण्याचें प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. पण खानदेशच्या शेतकऱ्याची स्थिति अशी आहे कीं, तो टोमॅटो पिकवितो तो मुख्यत्वें हिंवाळ्यांत; उरलेले कित्येक महिने तोहि मंडईंतून पिशवी भरून आणणाऱ्यांपैकींच एक असतो. शिवाय घेणारे म्हणून आपण जो माल पसंत करतों, तोच माल अडत्या पिकविणाऱ्यापाशीं मागतो, आणि अडत्या मागतो त्याच वाणाचें बी दुकानदार ठेवतो. तेव्हां हा प्रश्न केवळ स्वयंपाकघराचा नाहीं.

टोमॅटोचा लाल रंग हें पिकल्याचें चिन्ह आहे, चवीचें नव्हे. हा फरक केळीच्या पट्ट्यांतील आमच्या बंधूंस चटकन्‌ उमजेल. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत घड कापला जातो तो हिरवाच. त्या कच्च्या केळ्याच्या गरांत शेंकडा २० ते २५ भाग पिष्ट असतें, आणि पिकविण्याच्या खोलींत इथिलीन वायूच्या योगानें त्या पिष्टाची साखर होते. म्हणजे केळें आपल्या गोडीची शिदोरी बरोबर घेऊनच झाडावरून उतरतें. टोमॅटोची गोष्ट अगदीं निराळी. पुऱ्या भरलेल्या हिरव्या टोमॅटोंत पिष्ट फारच थोडें शिल्लक असतें; त्याची गोडी पानांकडून दिवसेंदिवस येत असते, आणि देंठ तुटला कीं ही आवक बंद पडते. तोडल्यानंतरहि फळांत इथिलीन तयार होतच राहतो. त्याच्या योगानें हिरवेपणा जातो, लायकोपीन नांवाचें तांबडें द्रव्य भरतें, गर मऊ पडतो. पण साखर तोडतांना होती त्याहून फारशी वाढत नाहीं. केळें घरीं येऊन पिकतें, टोमॅटो घरीं येऊन रंगतो, असें म्हटलें तरी चालेल.

म्हणून फळ तोडलें केव्हां, हा पहिला प्रश्न. बाहेरून हिरवींच दिसणारीं दोन फळें आंतून फार भिन्न असूं शकतात. एक फळ धारदार सुरीनें आडवें कापून पाहावें. सुरीखालीं बी कापलें गेलें, तर तें फळ कोवळें. तें पुढें लाल झालें तरी त्यास चव यावयाची नाहीं. बी बुळबुळीत रसांत सरकून बाजूस झालें व कापलें गेलें नाहीं, तर फळ भरलेलें. परंतु रास नजरेसमोर असतां कोवळें कोणतें व भरलेलें कोणतें हें तोडणाऱ्या मजुरासहि नेमकें कळत नाहीं, आणि दूरच्या पेठेसाठीं हिरवा माल तोडला जातो तेव्हां दोन्ही एकाच क्रेटमध्यें जातात. यापुढची अवस्था पाड लागण्याची. आंब्यास पाड लागतो तसाच टोमॅटोसहि लागतो: बुडाशीं हिरवा रंग उतरून पिवळसर गुलाबी झांक दिसूं लागते. या झांकेनंतर तोडलेलें फळ सावलींत पिकलें तरी वेलावर पिकलेल्या फळाच्या चवीस बरेंच जवळ जातें. हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे; कारण चवीसाठीं फळ वेलावर पुरें लाल होईपर्यंत थांबावेंच लागतें अशी जी समजूत आहे, ती खरी नव्हे. पाड लागेपर्यंत थांबलें तरी पुरे होतें.

आतां चव म्हणजे तरी काय? टोमॅटोंत शेंकडा ९४-९५ भाग पाणी असतें. जो काय खेळ आहे तो उरलेल्या पांच-सहा भागांचा: कांहीं साखर, थोडें आम्ल, आणि अत्यल्प प्रमाणांत असलेलीं सुवासिक द्रव्यें. बियांभोंवतींच्या रसांत आंबटपणा अधिक असतो, आणि रश्श्यास जी भरीव रुचि येते ती देणारें ग्लुटामेट नांवाचें द्रव्यहि तेथेंच जास्त असतें. यावरून एक साधा व्यवहार निघतो. ज्याच्या भिंती जाड, खण थोडे व रस कमी, असा अंडाकृति टोमॅटो कोशिंबिरीस व कापून ठेवण्यास चांगला; पण सार, रस्सा, चटणी यांसाठीं चपटा, खांचदार, पुष्कळ खणांचा व रसाळ टोमॅटोच घ्यावा. बाजारांत हा दुसरा प्रकार बहुधा स्वस्त असतो, कारण तो दिसावयास ओबडधोबड व टिकावयास नाजूक. शेवभाजीच्या रश्श्यांत टणक टोमॅटो किलोभर चिरून घालण्यापेक्षां हा अर्धा किलो अधिक काम करतो. (भरितांत कोणताच घालूं नये; खानदेशी भरितांत टोमॅटोस जागा नाहीं, आणि ती कोणी देऊंहि नये.)

पूर्वीं आपल्याकडे दिल्लीच्या संशोधन संस्थेनें काढलेला पुसा रुबी किंवा त्याच जातीचे वाण सर्वत्र दिसत. फळ चपटें, पातळ सालीचें, आंबट आणि रसाळ. पण दोन दिवसांत गळूं लागे, आणि थर लावून नेल्यास तळचा थर चिरडून जाई. त्यांची जागा जाड सालीच्या, टणक, एकसारख्या आकाराच्या संकरित वाणांनीं घेतली. या वाणांस सरसकट नांवें ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. नाशिककडील पिंपळगांव बसवंतहून किंवा जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवहून वीस किलोचे क्रेट दूरदूरच्या प्रांतांत जातात, ते याच टणकपणाच्या बळावर. त्यानें शेतकऱ्याचें नुकसान पुष्कळ वांचविलें आहे. परंतु टणकपणा व एकसारखेपणा यांची निवड करतां करतां चवीकडे दुर्लक्ष झालें, हेंहि तितकेंच खरें. याचें एक उदाहरण शास्त्रज्ञांनींच पुढें आणलें आहे. विसाव्या शतकांत पाश्चात्य पैदासकारांनीं असे वाण निवडले कीं, ज्यांचें कच्चें फळ देंठापासून बुडापर्यंत सारख्याच फिक्या हिरव्या रंगाचें असावें, म्हणजे तें पिकतांनाहि सारखें लाल होतें व तोडणीस सोपें जातें. २०१२ सालीं अमेरिकेंतील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, या निवडीच्या पायीं एक जनुक निकामी होऊन बसला आहे. हा जनुक शाबूत असला म्हणजे कच्च्या फळाच्या खांद्यावर गडद हिरवा पट्टा राहतो, फळ स्वतःहि थोडीशी साखर तयार करतें, आणि पिकल्यावर गोडी वाढते. म्हणजे ज्या हिरव्या खांद्यास आपण दोष समजून बाजूस सारतों, तो पुष्कळदां गुणच असतो.

येथें घोटाळा होऊं नये म्हणून सांगतों. अर्धवट पिकल्या फळावर देंठाजवळ राहिलेली गडद हिरवी छटा निराळी, आणि पुऱ्या लाल फळावर देंठाभोंवतीं राहिलेला पिवळा, कडक भाग निराळा. हा पिवळा भाग पिकत नाहीं. कापल्यावर आंत पांढरट, काष्ठासारखा गर निघतो. कडक ऊन हें त्याचें एक मोठें कारण. लायकोपीन साधारण १८ ते २६ अंश उष्णमानांत उत्तम तयार होतें, आणि ३० अंशांच्या वर त्याचें काम मंदावत जाऊन थांबतें. मग फळ नारिंगीवर राहतें. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठांत पारा ४३-४४ अंशांवर जातो, रात्रीहि गरम असतात व फुलें गळून पडतात. तेव्हां उन्हाळ्यांत जळगांव-धुळ्याच्या मंडईंत दिसणारा लालबुंद टोमॅटो हा बहुतेक बाहेरून आलेला, दोनशें किलोमीटरांहून अधिक प्रवास केलेला असतो. त्याच्याकडून पौषांतल्या टोमॅटोची अपेक्षा करणें म्हणजे आषाढांत हापूस शोधण्यासारखें आहे. खानदेशचा खरा टोमॅटो मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचा. रात्रीं थंड, दिवस स्वच्छ उन्हाचे, फळ सावकाश पिकतें, रंग भरतो आणि साखर सांठते. योगायोग असा कीं, याच दिवसांत आवक अधिक असल्यामुळें भावहि खालीं असतो. चवीचा मोसम आणि स्वस्ताईचा मोसम एकच, ही सोय सर्वच भाज्यांत आढळत नाहीं.

बाजारांत गेल्यावर पहिली गोष्ट ही कीं, मालापेक्षां विकणाऱ्यास आधीं पाहावें. आठवडे बाजारांत दोन प्रकारचे विक्रेते बसतात. एकापुढें प्लास्टिकचे क्रेट असतात व सारीं फळें एका मापाचीं. हा मोठ्या मार्केटचा माल. दुसरीकडे एखादी बाई पाटी घेऊन बसलेली असते; तिच्यापुढें लहान-मोठीं, कांहीं गुलाबी, कांहीं लाल, एखादें तडकलेलें अशीं मिश्र फळें. "माय, टमाटे घरचे कीं मार्केटचे?" एवढें विचारलें कीं पुरे, आणि घरचे असतील तर काल तोडले कीं आज, हेंहि विचारावें. मिश्र रंगाची पाटी हीच बहुधा जवळच्या मळ्यांतून आलेली व पाड लागल्यावर तोडलेली असते.

मग फळ हातांत घ्यावें. वांग्याचा नियम येथें उलटा लावावयाचा: एकाच आकाराच्या दोन फळांपैकीं जड असेल तें घ्यावें. हलक्या फळाच्या बाजू किंचित्‌ चपट्या, कोनेदार दिसतात आणि आंत खण पोकळ असतात. अति नत्रयुक्त खत किंवा फलधारणेच्या वेळचें प्रतिकूल हवामान यांमुळें असें होतें. वजन देऊन आपण हवा विकत घेतों असें नाहीं, पण रस मात्र मिळत नाहीं. दाबल्यास फळ थोडें लवावें. दगडासारखें लागल्यास चार दिवस ठेवावें लागेल व बोट रुतल्यास आजच संपवावें लागेल. वास घेण्याची पद्धति चांगली आहे, परंतु देंठापाशीं जो उग्र हिरवा वास येतो तो देंठाचा व पानांचा असतो. त्यावरून फळ ताजें तोडलेलें आहे इतकेंच कळतें. फळाचा स्वतःचा सुगंध बुडाकडून हुंगून पाहावा. टणक लाल फळास तेथें बहुधा कांहींच वास नसतो, आणि ही निशाणी रंगाहून पुष्कळ अधिक भरंवशाची आहे.

देंठाभोंवतीं तडकलेलीं फळें बहुतेक लोक टाळतात. वेलावर फळ पिकत आलें असतां एकदम पाणी मिळालें म्हणजे साल तडकते. म्हणजे तडा हा बऱ्याच वेळां फळ वेलावर पिकल्याचा पुरावाच असतो. तडा कोरडा असेल, त्यावर बुरशी नसेल व पाणी झिरपत नसेल, तर असा माल त्याच दिवशीं शिजविण्यासाठीं अवश्य घ्यावा. हिशेब करून पाहूं. समजा, निवडक माल ४० रुपये किलो आहे व तडकलेला २५ रुपये. तडकलेल्या मालांत पांचवा हिस्सा कापून टाकावा लागला असें धरलें, तरी खाण्याजोगा किलो सुमारें ३१ रुपयांस पडला. दोन भावांत चार-पांच रुपयांचाच फरक असेल, तर मात्र हा व्यवहार फायद्याचा नाहीं. संध्याकाळीं बाजार उठण्याच्या वेळीं जे वाटे लावले जातात, त्यांस हाच हिशेब लावावा. वरचीं चार फळें पाहून वाटा उचलूं नये.

भावासंबंधीं आणखी एक बोलणें भाग आहे. २०२३ च्या मे महिन्यांत नाशिक बाजूस टोमॅटोचा भाव किलोस एक-दोन रुपयांवर आला आणि शेतकऱ्यांनीं माल रस्त्यावर ओतला. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, जुलैंत, मोठ्या शहरांत तोच टोमॅटो किलोस शंभर रुपयांच्या वर गेला, आणि १४ जुलैपासून केंद्र सरकारला दिल्लीच्या आसपास ग्राहक सहकारी महासंघामार्फत तो ९० रुपये दरानें विकावा लागला. ज्यानें मे महिन्यांत ओतला त्यास जुलैच्या भावाचा उपयोग नव्हता, आणि ज्यानें जुलैंत घेतला त्याच्या घरांत मे महिन्याचा माल नव्हता. टोमॅटो धान्यासारखा कणगींत ठेवतां येत नाहीं हें खरें. पण खानदेशच्या उन्हांत तो वाळवितां येतो, आणि ज्या घरांत बिबडे व पापड गच्चीवर वाळतात त्या घरास हें काम नवें नाहीं. फाल्गुनांत भाव तळाशीं असतां एक क्रेट घ्यावा, पिकलीं फळें बोटाच्या अर्ध्या जाडीच्या चकत्या करून मीठ लावावें, आणि स्वच्छ कापडावर, वर पातळ फडकें टाकून, कडकडीत वाळवाव्या. वीस किलोचे एक ते सव्वा किलो होतात. हवाबंद डब्यांत ठेवलेल्या या चकत्या श्रावणांत भिजत घालून वाटल्या म्हणजे रश्श्यास पुरतात. कोशिंबिरीची हौस त्या दिवसांत सोडून द्यावी.

घरीं आणलेला टोमॅटो फ्रीजमध्यें ठेवण्याची चाल आतां खेड्यांतूनहि पडली आहे. ती चवीस घातक आहे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पिकलीं फळें ५ अंश उष्णमानांत सात दिवस ठेवलीं असतां साखर व आम्ल जवळजवळ होतें तसेंच राहिलें, परंतु सुगंधी द्रव्यें बरींच घटलीं. आणि फळें बाहेर काढून ठेवल्यावरहि तीं पूर्ववत्‌ झालीं नाहींत. अर्धवट पिकलेल्या फळाचें नुकसान याहून अधिक, कारण त्या थंडींत त्याचें पिकणेंच बिघडतें. टोमॅटो माठाजवळच्या गार कोपऱ्यांत, टोपलींत, देंठाकडची बाजू खालीं करून एका थरांत ठेवावा. मे महिन्याच्या झळांत पूर्ण पिकलेलीं फळें दोन दिवस फ्रीजमध्यें ठेवावीं लागलीं तर तो नाइलाज समजावा, आणि वापरण्यापूर्वीं तीं कांहीं तास बाहेर काढून ठेवावीं.

आतां पिकविणाऱ्याकडे वळूं. तालुक्याच्या गांवापासून दहा-पंधरा किलोमीटरांवर ज्याची विहीर आहे, त्याच्या हातीं एक फायदा असा आहे कीं, जो नाशिक-जुन्नरच्या शेतकऱ्यास कितीहि पैसा ओतून मिळणार नाहीं: त्याचा माल सकाळीं तोडून दुपारीं बाजारांत बसूं शकतो. असें असतांहि तो दूरच्या पेठेचा टणक वाण लावतो, दूरच्या पेठेसारखा हिरवा तोडतो, आणि मग मोठ्या मार्केटच्या मालाशीं त्याच भावांत झगडतो. हा फायदा फुकट घालविणें आम्हांस समजत नाहीं. मुख्य पीक संकरित वाणाचें खुशाल असावें. पण पांच-सहा ओळी रसाळ, सरळ वाणाच्या लावाव्या. पुसा रुबी किंवा राहुरीच्या कृषि विद्यापीठाचा धनश्री हे असे वाण आहेत. टोमॅटोचें फूल बहुतांशीं स्वतःच्याच परागांनीं फळतें, त्यामुळें सरळ वाणाचें बी निरोगी झाडावरून घरीं धरतां येतें; संकरित वाणाचें धरतां येत नाहीं. भाद्रपदांत रोप टाकून आश्विनांत लागण केली म्हणजे मार्गशीर्षांत पहिला तोडा येतो.

पाणी देण्यांत मात्र हात आंखडता ठेवावा. ठिबक आल्यापासून रोज पाणी देणें सोपें झालें आहे, आणि त्यानें फळ फुगतें व वजन भरतें. परंतु त्याबरोबर चव पातळ होते. तोडे सुरू झाल्यावर पाणी बेताचें व नियमित असावें. ताण देऊन मग भरपूर पाणी सोडलें तर फळें तडकतील. नत्राची मात्राहि या वेळीं वाढवूं नये.

तोडतांना दोन भांडीं जवळ ठेवावीं. नुकताच पाड लागलेला माल क्रेटमध्यें, देंठ काढून, दूरच्या अडतीसाठीं. अर्ध्याहून अधिक गुलाबी झालेला माल पाटींत, हिरव्या देंठासकट, जवळच्या बाजारासाठीं. देंठ शेजारच्या फळास टोंचतो, म्हणून पाटींत दोहोंपेक्षां अधिक थर रचूं नयेत, आणि तळाशीं व दोन थरांच्या मध्यें केळीचीं वाळलेलीं पानें पसरावीं. तोडणी दंव सुकल्यावर करावी व भरलेली पाटी लागलीच बांधाच्या झाडाखालीं न्यावी; उन्हांत तापलेला माल दुपारच्या बाजारांत पोहोंचेपर्यंत मऊ पडतो.